बाईचे हात कुणी काढले?

(पिंपरी येथील एका स्मृती व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मजकूर)



ज्या बाईंच्या स्मरणार्थ ही माला चालते, त्यांनी महापालिकेच्या शाळेत आयुष्यभर चित्रकला शिकवली. इथल्या बऱ्याच जणांची चित्रकलेची एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा त्यांच्या हाताखाली झाली, हे मघापासून कानावर येतंच आहे. संयोजकांनी मला ‘इम्प्रेशनिझम’ असा ऐसपैस विषय दिला होता. एवढा विषय एका संध्याकाळी उरकणारा माणूस एक तर फार विद्वान असतो किंवा फार बेफिकीर. मी विषय आवळून घेतला आहे. एक चित्रकर्ती, तिनं तांब्याच्या पत्र्यावरून छापलेली दहा चित्रं, आणि ती पाहून आपल्याकडच्या चित्रांना विचारावासा वाटणारा एक प्रश्न. चित्रात बाई असते, पहिल्यापासून आहे. तिचं काम असतं का?

मेरी कॅसॅट मूळची अमेरिकन. १८४४ साली पिट्सबर्गशेजारच्या ॲलेघेनी गावी जन्मलेली. चित्रकार व्हायचं म्हणून पॅरिसला गेली, तर तिथल्या सरकारी कलाशाळेचं, एकोल द बोझारचं, दार बायकांना बंद. ते उघडलं १८९७ साली, तेव्हा कॅसॅट पन्नाशी ओलांडून गेली होती. तिनं खाजगी शिकवण्या लावल्या आणि लूव्हर संग्रहालयात बसून जुन्या चित्रांच्या नकला केल्या. १८७७ साली चित्रकार एद्गार दगानं तिला इम्प्रेशनिस्ट मंडळींत यायचं आवतण दिलं आणि १८७९ च्या प्रदर्शनात तिची चित्रं लागली.

त्या गटातले पुरुष कॅफेत, नाचघरात, रेल्वे स्टेशनात जाऊन रंगवत. चांगल्या घरच्या बाईनं अशा ठिकाणी एकटीनं ठाण मांडायची रीत नव्हती. तेव्हा कॅसॅटच्या वाट्याला मुख्यतः उरली ती घरातली माणसं. बहीण लिडिया हे तिचं हाताशी असलेलं मॉडेल. बागेत क्रोशाचं विणकाम करणारी लिडिया, कशिद्याच्या चौकटीपुढे बसलेली लिडिया. लिडिया मूत्रपिंडाच्या विकारानं आजारी होती आणि १८८२ साली गेली. विणकाम हे तिला झेपणारं काम होतं, हे ठाऊक झालं की ती चित्रं वेगळी दिसू लागतात. बंधनामुळेच कॅसॅटला तिचा विषय सापडला, असं कौतुकानं म्हणायची पद्धत आहे. मला ते पटत नाही. बंधन हे बंधनच. तिला स्टेशनात बसू दिलं असतं तर तिनं स्टेशनंही काढली असती, आणि चांगली काढली असती.

आता त्या दहा चित्रांकडे येतो. १८९० च्या वसंतात पॅरिसमध्ये, त्याच एकोल द बोझारच्या इमारतीत, जपानी लाकूडठशांच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन भरलं. शिकायला बंदी, बघायला मुभा. कॅसॅट ते पाहून वेडीच झाली. चित्रकार मैत्रीण बर्थ मोरिसो हिला पत्र लिहून तिनं प्रदर्शन चुकवू नकोस असा आग्रह धरला. उतामारोसारखे जपानी चित्रकार बाईला केस विंचरताना, मुलाला पाजताना दाखवत. रेघ थोडी, रंग सपाट, सावली जवळपास नाहीच. कॅसॅटनं ठरवलं की आपण हेच करायचं, पण लाकडावर नाही, तांब्यावर.

ड्रायपॉइंट नावाची एक पद्धत आहे. तांब्याच्या गुळगुळीत पत्र्यावर टोकदार सुईनं थेट रेघ ओढायची, ॲसिड वगैरे काही नाही. धातू उकरला की रेघेच्या कडेला बर, म्हणजे धातूची उठलेली कड, येतो. भोसरीच्या शेडमध्ये काम केलेल्यांना बर म्हणजे काय हे मी सांगायला नको. आपल्याकडे बर दिसला की जॉब रिजेक्ट. फाइल घ्या, एमरी घ्या, पण बर काढा, आणि छोट्या युनिटमध्ये हे काम बऱ्याचदा बायकांच्या टेबलावर येतं. ड्रायपॉइंटमध्ये तोच बर मुद्दाम ठेवतात. पत्र्याला शाई लावून पुसली की बराच्या आडोशाला थोडी शाई राहते, आणि कागदावर रेघेला मऊ, दाट कड येते. प्रेसचा दाब जबर असतो, त्यामुळे बर लवकर झिजतो आणि चांगल्या प्रती थोड्याच निघतात. कॅसॅटनं प्रत्येक चित्राच्या पंचवीस प्रती काढल्या. छटांसाठी ॲक्वाटिंट या दुसऱ्या छापपद्धतीची जोड दिली. रंग तिनं आणि तिच्या छापणाऱ्या कारागिरानं, लरुआनं, प्रत्येक वेळी पत्र्यावर हातानं लावले. एका चित्राला दोन-तीन पत्रे लागत आणि ते सगळे कागदावर अचूक एकावर एक बसावे लागत. म्हणून पंचवीस प्रतींतल्या कुठल्याही दोन प्रती हुबेहूब सारख्या नाहीत. इथल्या क्वालिटीवाल्यांना हे ऐकून त्रास होईल. इलाज नाही.

एप्रिल १८९१ मध्ये चित्रव्यापारी दुराँ-रुएलच्या गॅलरीत ही चित्रं लागली. त्याची एक गंमत आहे. छापचित्रं करणाऱ्या चित्रकारांच्या संस्थेनं नुकताच नियम केला होता की सभासद जन्मानं फ्रेंच हवा. त्यात कॅसॅट गळली, कारण ती अमेरिकन. कामी पिसारोही गळला, कारण तो कॅरिबियन बेटावर जन्मलेला. संस्थेचं प्रदर्शन दुराँ-रुएलच्याच जागेत होतं. या दोघांनी शेजारच्या खोल्यांत आपापली चित्रं मांडली. ‘भूमिपुत्र’ या विषयावर पिंपरी-चिंचवडमध्ये मी अधिक बोलत नाही. निम्मं सभागृह मराठवाडा-खानदेशातून आलेलं आहे आणि उरलेल्यांचे शेजारी बिहारमधून. एवढंच सांगतो की त्या वर्षीच्या मुख्य प्रदर्शनात काय होतं हे आज अभ्यासकांनाच ठाऊक, आणि शेजारच्या खोलीतल्या त्या दहा चित्रांच्या प्रती जगभरच्या संग्रहालयांत आहेत.

त्यातलं एक चित्र लहान मुलाच्या अंघोळीचं. बाई टबाशी बसली आहे, एका हातानं मूल धरलं आहे आणि दुसरा हात पाण्यात आहे. पाणी कढत आहे की बेतशीर, हे ती बघते आहे. चेहऱ्यावर वात्सल्य वगैरे फारसं दाखवलेलं नाही, लक्ष सगळं पाण्याकडे. घरात रोज होणारी, चार सेकंदांत संपणारी ही हालचाल युरोपात क्वचितच कुणी चित्राचा विषय केली होती. मातेची महती गाणारी चित्रं युरोपभरच्या चर्चांत होती. तिथं मांडीवरच्या मुलाची अंघोळ झालेलीच असे. ती कुणी घातली आणि पाण्यात हात कुणी घालून पाहिला, हे कॅसॅटनं काढलं.

दुसऱ्या चित्रात बाई लिहिण्याच्या मेजाशी पत्राचं पाकीट जिभेनं ओलं करते आहे. तिसऱ्यात आरशासमोर हात वर करून केस बांधते आहे. आता तुम्हाला जरा अवघड जाईल असं चित्र. शिंपीणबाई कपड्याचं माप बसवायला घरी आली आहे. घरधनीण उभी आहे, आरशात तिचं प्रतिबिंब आहे, आणि शिंपीण गुडघ्यावर बसून खालच्या काठाशी वाकली आहे. एक बाई दोनदा दिसते, एकदा समोर आणि एकदा आरशात. दुसरीचा चेहरा खाली वाकलेला. पुढचं चित्र घोड्याच्या बसमधलं. मूल आहे, आई आहे, दाई आहे. मूल दाईकडे, आणि आई दुसरीकडे कुठेतरी बघते आहे. कॅसॅट इथं कुणाला बोल लावत नाही, आणि झाकतही नाही. सभ्य घर चालतं ते आणखी एका बाईच्या हातांवर, हे तिनं नुसतं दिसू दिलं.

तरी या दहा चित्रांत एकही चूल नाही. भांडी नाहीत, धुणं नाही. कॅसॅटच्या घरी त्यासाठी माणसं होती. तिच्या घरचं काम पाहणारी मातिल्द पुढं चित्रांसाठीही बसत असे, पण भांडी घासतानाची मातिल्द आपल्याला भेटत नाही. मोरिसो या बाबतीत एक पाऊल पुढं गेली. १८७५ साली तिनं उघड्यावर धुणं वाळत घालणाऱ्या बायका रंगवल्या. १८७९ साली तिनं आपल्या मुलीला, ज्युलीला, पाजणारी दाई रंगवली. आपलं मूल दुसरीच्या अंगावर पितं आहे आणि आपण समोर ब्रश घेऊन उभ्या. पगारी काम करणाऱ्या दोन बायका एकमेकींसमोर, एक दूध विकणारी आणि एक चित्र विकणारी. त्या दाईचं नाव आंजेल होतं, आणि ते आज आपल्याला ठाऊक आहे. दगानंही इस्त्रीवाल्या बायका काढल्या, एक दोन्ही हातांनी इस्त्री दाबणारी आणि शेजारची बाटली हातात धरून तोंड फाडून जांभई देणारी. चित्र अप्रतिम आहे. त्यांची नावं मात्र नाहीत.

आता घरी येऊ. लांब जायचं नाही, आपल्याच लोकलनं जायचं. पिंपरीहून लोणावळ्याकडे निघालं की चिंचवड, आकुर्डी, देहूरोड, तळेगाव, कामशेत आणि मग मळवली. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला आणि पुढे प्लेगच्या दिवसांत तो मळवलीला हलला. शिळाछाप, म्हणजे गुळगुळीत दगडावरून छपाई, प्रत्येक रंगाला वेगळा दगड. कॅसॅटच्या चित्रांनंतर तीनच वर्षांनी सुरू झालेला हा कारखाना. तिथं पंचवीस प्रती, इथं हजारोंनी. आपल्या आज्यांच्या स्वयंपाकघरात, चुलीच्या धुरानं पिवळ्या पडलेल्या ज्या लक्ष्मी आणि सरस्वती होत्या, त्यांतल्या कितीतरी याच रेल्वेमार्गावरून घरोघर गेल्या. रविवर्म्यांनी बायका काढल्या नाहीत असं कोण म्हणेल? १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्यांनी भारतीय स्त्रियांची दहा चित्रं पाठवली आणि पदकं मिळवली. त्याच प्रदर्शनातल्या स्त्रियांच्या दालनात कॅसॅटनं ‘आधुनिक स्त्री’ या विषयावर भलंमोठं भित्तिचित्र केलं होतं. ते पुढं गहाळ झालं. दोघांची चित्रं एका आवारात होती. रविवर्म्यांची बाई सजते, गाते, वाट पाहते. बाबा घरी येताहेत म्हणून मुलाला कडेवर घेऊन उभी राहते. साडीचा काठ तर ओळखू येईल इतका नेटका. हात मात्र बहुधा रिकामे, किंवा वीणेवर.

महादेव विश्वनाथ धुरंधर हे आपलं खरं प्रकरण. १८६७ साली कोल्हापुरात जन्मले, १८९० साली मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये विद्यार्थी म्हणून दाखल झाले आणि शिक्षक, मग हंगामी संचालक होऊन १९३१ साली बाहेर पडले. त्या वर्षांवर त्यांनी ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ हे पुस्तक लिहिलं. १८९५ साली बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक त्यांना मिळालं ते ‘हॅव यू कम, लक्ष्मी?’ या चित्राला, म्हणजे नावापासूनच घरातला प्रसंग. नऊवारीचा ओचा, खांद्यावरून उतरणारा पदर, अंबाड्याची गाठ यांत त्यांचा हात धरणारा दुसरा झाला नाही. आणि तरी धुरंधर मला दोन वाटतात.

पहिले धुरंधर १९२० च्या एका इंग्रजी पुस्तकातले. ओटो रोथफेल्ड नावाच्या आयसीएस अधिकाऱ्यानं ‘विमेन ऑफ इंडिया’ लिहिलं. त्यात धुरंधरांची अठ्ठेचाळीस रंगीत चित्रं आहेत. बहुतेक पानांवर एकेक बाई, खाली प्रांत किंवा जात. साहेबाला देश समजून घ्यायचा होता, तो असा. लुगडं कुठलं, नथ कशी, डोक्यावर काय, हे सगळं बिनचूक. काम करणाऱ्या वर्गाचं प्रकरण पुस्तकात आहे, पण बाई कामाच्या मध्यात सापडते असं क्वचितच. ती दाखवायला उभी केलेली आहे. तिला नाव नसणं ओघानंच आलं. माझं मत विचाराल तर हे पुस्तक कपड्यांच्या इतिहासाला अमोल आहे आणि बायकांच्या इतिहासाला फारसं उपयोगाचं नाही.

दुसरे धुरंधर त्याच्या सहा वर्षं आधीचे. चार्ल्स किंकेड हाही आयसीएसच. त्यानं १९१४ साली ‘डेक्कन नर्सरी टेल्स’ काढलं. नावावर जाऊ नका. त्या आपल्या चातुर्मासाच्या कहाण्या आहेत, आदितवारची, सोमवारची, शुक्रवारची. चित्रं धुरंधरांची. इथं ते जातीचा नमुना काढत नाहीत, गोष्ट काढतात. गोष्टीतल्या बाईला काहीतरी करावंच लागतं, नाहीतर गोष्ट पुढं सरकत नाही. सोमवारची कहाणी तुम्हाला पाठ असेल. राजानं देवाचा गाभारा दुधानं भरायला गावचं सगळं दूध मागवलं. मुलं-वासरं उपाशी राहिली आणि गाभारा काही भरला नाही. एका म्हातारीनं घरचं काम आवरलं, मुलाबाळांना, सुनांना, वासरांना घातलं आणि उरलेलं खुलभर दूध नेलं. गाभारा भरला. ही कहाणी सांगणाऱ्या बायकांना घरकाम म्हणजे काय हे कुणाही कलासमीक्षकापेक्षा जास्त कळत होतं. कुणाचं पोट आधी, कुणाचं नंतर, हा हिशेब म्हणजेच ते काम. साहेबानं त्या लहान मुलांच्या गोष्टी समजून छापल्या, हा भाग वेगळा.

धुरंधरांच्या मुलीनं, अंबिका धुरंधरांनी, जे. जे. मध्ये चित्रकलेचं रीतसर शिक्षण घेतलं. कॅसॅटला जे दार बंद होतं ते इथं विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत मुलीला उघडं झालं. वडील त्याच संस्थेत असल्याचा फायदा झाला असणार. त्याशिवायच्या मुलींचं काय, हा प्रश्न तिथंच राहतो.

सा. ल. हळदणकरांचं नाव न घेता पुढं गेलो तर तुम्ही सोडणार नाही. हातात निरांजन, दुसऱ्या तळव्याचा आडोसा, बोटांतून झिरपणारा लालसर उजेड. म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधल्या या चित्राला पुष्कळ लोक अजून रविवर्म्यांचं समजतात. ते सावंतवाडीच्या हळदणकरांचं आहे, जलरंगातलं, आणि समोर उभी होती त्यांची मुलगी गीता. या चित्रातले हात मात्र काम करताहेत. वाऱ्यापासून ज्योत सांभाळणं हे कामच आहे. म्हणूनच ते चित्र लोकांच्या डोळ्यांसमोरून हलत नाही, उजेडाच्या करामतीमुळे तेवढं नाही.

आता पिंपरी. शाळेच्या चित्रकला परीक्षांतले स्मरणचित्राचे पेपर मी काही वर्षं पाहिले आहेत. विषय ‘पाणी भरणाऱ्या बायका’ दिला की काय येतं माहीत आहे? मागे दोन डोंगर, मधून सूर्य, एक झोपडी, एक विहीर आणि डोक्यावर तीन-तीन घागरी घेतलेल्या तीन बायका. चित्र काढणारी मुलगी काळेवाडीतली. तिनं विहीर बघितलेली नाही. तिच्या घरी दिवसाआड पाणी येतं. आई मोटार लावते, हिरवा पाइप निळ्या ड्रममध्ये सोडते, तो निसटू नये म्हणून वर पाटा ठेवते आणि तेवढ्या वेळात कणीक मळते. एक कान ड्रमच्या आवाजाकडे. ड्रम भरत आला की आवाज बदलतो, तो तिला आतून कळतो. हे चित्र मला एकाही पेपरात मिळालं नाही. दोष मुलीचा नाही. चित्रात काय काढायचं असतं हे तिला आपणच शिकवलं, आणि आपल्याला मळवलीच्या दगडांनी शिकवलं.

पहाटे साडेचारला या शहरात किती गॅस पेटत असतील! कंपनीची बस पावणेसहाला चौकात येणार म्हणून डबा साडेपाचला बंद व्हायला हवा. काही वस्त्यांत दुपारी रबराच्या पार्टची पोती घरी येतात, बायका मांडी घालून ब्लेडनं त्यांची फ्लॅश, म्हणजे कडेचं जादा रबर, कापतात, किलोवर किंवा नगावर पैसे. संध्याकाळी त्यातलीच एखादी दुसऱ्याच्या घरी पोळ्या लाटायला जाते. हे सगळं घरकामच, फक्त एकाचे पैसे मिळतात, एकाचे कमी मिळतात आणि एकाचे मिळतच नाहीत. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ साली इथं आली तेव्हापासूनच्या या शहराचे फोटो काढून पाहा. गेटचे आहेत, चिमण्यांचे आहेत, उद्घाटनाच्या फितींचे तर विचारूच नका. कारखान्याच्या इतिहासात डबा भरणारा हात नोंदवलेला नाही.

मोबाइलवर फोटो असतात की, असं कुणीतरी म्हणेल. असतात, पण फोटोसाठी आई काम थांबवून पदर सारखा करते आणि कॅमेऱ्याकडे बघते. चित्र काढायला बसलं की काही वेळानं ती तुम्हाला विसरते आणि कामाला लागते. रेखाटनाचा तेवढा एक फायदा अजून शिल्लक आहे.

कॅसॅटला पुढं मोतीबिंदूनं गाठलं. १९१४ च्या सुमाराला तिला काम थांबवावं लागलं आणि १९२६ साली ती वारली. तिच्यासारखी कुणी आपल्याकडे जन्मेल म्हणून वाट पाहत बसू नये असं मला वाटतं. इथल्या कलाशिक्षकांना माझी विनंती आहे. या दिवाळीच्या सुटीत मुलामुलींना एकच अभ्यास द्या. घरात जे काम चालू असेल त्यासमोर कागद-पेन्सिल घेऊन दहा मिनिटं बसायचं. आई असो, आजी असो, वहिनी असो, भांडी घासायला येणाऱ्या मावशी असोत, आणि बाबा पोळ्या लाटत असतील तर बाबा. हात आधी काढायचे, चेहरा जमला तर नंतर. डोंगर आणि सूर्य काढला तर गुण कापा. कागदाच्या मागे, त्या व्यक्तीला विचारून, तिचं नाव, चाललेलं काम आणि तारीख लिहायची. जात, गाव लिहायची गरज नाही. संयोजकांनी पुढच्या वर्षी याच सभागृहाच्या व्हरांड्यात ते कागद लावावेत आणि ज्यांचे हात त्यात आहेत त्यांना पहिल्या रांगेत बसवावं. वक्ता नाही मिळाला तरी चालेल. कागद लावायला मी येतो.